दादाचा अंगठा

मी काय काम करते हे आमच्या मावशीला अजून नीट कळलेलं नाही. "एवढं शिकून पोरगी खळ करते," असं ती चारचौघांत सांगते, आणि खरं बोलायचं तर त्यात खोटं काही नाही. मी खळच करते. फक्त ती बाटल्यांवरच्या, डब्यांवरच्या, औषधांच्या कुप्यांवरच्या लेबलांमागे लागते, आणि ती जमेपर्यंत करणाऱ्याच्या डोक्याचा भुगा होतो.

लेबलाचा गम हा मुलखाचा हट्टी. साधा गम लावला की सुकतो आणि सुकला की धरतो. हा कधी सुकतच नाही. त्यातलं पाणी उडून जातं आणि कागदावर जो थर उरतो तो जन्मभर मऊ राहतो. नुसतं बोटाने दाबलं की त्याने पकडलं पाहिजे. नंतर सोलायला गेलं तर सहजासहजी निघता कामा नये, आणि बाटली कितीही दिवस फळीवर उभी राहिली तरी लेबल खाली घसरता कामा नये. एक झाकायला जावं तर दुसरं उघडं पडतं. पकड वाढावी म्हणून राळ घातली की तो घसरायला लागतो. घसरू नये म्हणून कडक केला की पकड जाते. आणि हे सगळं मला पाण्यात करून दाखवायचं होतं.

कारण आमच्याकडे वर्षानुवर्षं चालत आलेला गम पाण्यातला नव्हता, सॉल्व्हंटमधला होता, म्हणजे उडून जाणाऱ्या उग्र रसायनात विरघळवलेला. तो चिकटायचा मात्र असा, की त्याचं नाव काढायचं काम नाही. पण मशीनच्या हॉलमध्ये पाऊल टाकलं की डोळे चुरचुरायचे आणि थोड्या वेळाने डोकं हलकं व्हायचं. पंखे गरगरत असायचे, खिडक्या सताड उघड्या असायच्या, तरी वास माणसांच्या कपड्यांबरोबर घरी जायचा. त्या मशीनच्या तोंडाशी, जिथे धावत्या कागदावर ओला गम चढतो, तिथे माझा दादा उभा असायचा. मी शाळेत होते तेव्हापासून तो तिथेच उभा होता.

मालकांनी शब्द दिला होता. पाण्याचा गम पास झाला की सॉल्व्हंटचं मशीन बंद. गिऱ्हाइकांना पाण्याचा हवा होता, म्हणून मालकांना तो हवा होता. मला दादा त्या मशीनपुढून बाजूला हवा होता. तो हल्ली घरी आला की बराच वेळ खुर्चीत नुसता बसून राहायचा आणि विचारलं की "काही नाही गं, डोकं जड झालंय" म्हणायचा. लवकरात लवकर त्याला तिथून काढायचं, एवढं एकच माझ्या डोक्यात होतं. बाकी विज्ञान-बिज्ञान सगळं नंतर.

आता गंमत ऐका. गम पास कोण करणार? माझ्या प्रयोगशाळेत पट्टी सोलून तिचा जोर मोजणारं यंत्र आहे. पट्टीला वजन टांगून ती कधी सुटते हे बघायची चौकट आहे. पण आमच्या कारखान्यात या सगळ्याच्या वर एक गोष्ट होती, ती म्हणजे दादाचा अंगठा. मी नोकरीला लागण्याच्या आधी कधीतरी असं झालं होतं, की यंत्राने माल पास केला, दादाने नुसता अंगठा टेकवून "हा धरणार नाही" म्हणून सांगितलं, मालकांनी ऐकलं नाही, आणि गिऱ्हाइकाच्या गोदामात सगळी लेबलं बाटल्यांवरून गळून पडली. माल परत आला. त्या दिवसापासून मालकांनी नियमच करून टाकला. दादाने अंगठा लावून "हो" म्हटल्याशिवाय गमाचा एक थेंबही मशीनवर चढणार नाही.

म्हणून कारखान्यात सगळे त्याला अंगठाबहाद्दर म्हणायचे. खरं तर तो चांगला शिकलेला, सही झोकात करणारा माणूस. पण त्याला ते नाव आवडायचं. कुणी तशी हाक मारली की तो अंगठा वर करून दाखवायचा आणि मग सगळे हसायचे.

त्याची परीक्षा बघण्यासारखी असायची. मी गम लावलेली पट्टी टेबलावर, गम वर करून, दोन्ही टोकांना चिमट्यांनी पक्की करायची. दादा हात पँटला पुसायचा, डोळे मिटायचा, अंगठा हलकेच टेकवायचा आणि उचलायचा. पुन्हा टेकवायचा. चेहरा असा, की आत कुणीतरी हळू आवाजात बोलतंय आणि तो ते ऐकतोय. मग डोळे उघडून निकाल द्यायचा. त्या निकालावर अपील नव्हतं.

सुरुवातीला माझ्या पाण्याच्या गमाने मला भरपूर रडवलं. ढवळायला घेतला की दुधासारखा उतू जाईल इतका फेस. फेस मारायचं औषध घातलं तर कागदावर थर देताना जागोजागी गोल भोकं, डोळे वटारून बघितल्यासारखी. ती गेली तर लेबल पाण्यात बुडवल्यावर पांढरं पडायचं. मी घरी गेल्यावरही मनात राळेचं प्रमाण मोजत असायची आणि आई म्हणायची, "अगं, जेवताना तरी तो चिकटपणा सोड."

मग थंडी सरता सरता एक बॅच अशी जमली, की माझा माझ्यावर विश्वास बसेना. फेस नाही, भोकं नाहीत. सोलण्याचा जोर सॉल्व्हंटच्या गमाइतका. टांगलेलं वजन दुसऱ्या दिवशी येऊन बघितलं तरी जागचं हललेलं नाही. मी स्वतःचा अंगठा लावून बघितला, तर त्याने छान धरून ठेवलं. पण आपला तो बाब्या असतो. आपल्याला आपल्या गमात खोट कशी दिसणार? मी पट्टी लावली आणि दादाला बोलावणं पाठवलं.

दादा आला. डोळे मिटून अंगठा टेकवला, उचलला, टेकवला. मी श्वास धरून उभी.

"नाही गं," तो म्हणाला. "अजून धरत नाही."

"दादा, यंत्रावर तर सगळं बरोबर येतंय."

"यंत्राचं काय? यंत्राला विचार बाटलीवर राहील का." तो हसला. "मास्तरीणबाई, तोंड पाडू नका. होईल पुढच्या वेळी."

झालं. ती बॅच मी कपाटात ठेवून दिली आणि पुन्हा भांडं चुलीवर, म्हणजे हॉटप्लेटवर. पकड कमी पडते म्हणतोय ना, मग मी राळ वाढवली. तो "नाही" म्हणाला. राळेची जात बदलली. "नाही." गम आणखी मऊ केला, इतका की वजन टांगलं तर दुपारपर्यंत पट्टी घसरून खाली. तरी दादाचं आपलं तेच. "थोडं सुधारलंय, पण अजून नाही." एकाला धरायला गेले आणि दुसरं सुटलं, अशी माझी गत झाली. आधी जे जमलं होतं तेही हातचं गेलं. तिकडे सॉल्व्हंटचं मशीन चालूच, आणि दादा त्याच्या तोंडाशी उभा.

मालक एकदा येऊन म्हणाले, "मॅडम, तुमचं कधी होणार? नाचता येईना अंगण वाकडं, असं नको व्हायला." मी मनातल्या मनात त्यांना जे काही म्हटलं ते इथे लिहिता येणार नाही.

हळूहळू माझा राग दादाकडे वळला. मला वाटायला लागलं की ह्याला त्या जुन्या गमाचाच लळा आहे. आयुष्य त्याच्यापुढे गेलं, आता पाण्याचं काही त्याला पसंत पडणारच नाही. एका सुट्टीच्या दिवशी मी त्याच्या घरी गेले आणि वहिनीच्या समोरच त्याच्यावर तुटून पडले.

"तुला तो घाणेरडा वास सोडवत नाही. मी मरमर मरते कुणासाठी? आणि तू प्रत्येक वेळी नंदीबैलासारखी मान हलवतोस, तीही नाही म्हणून!"

चहाचा कप दादाने दोन्ही हातांनी धरला होता आणि तो त्यातच बघत बसला. वहिनी मध्ये पडली. "जाऊ द्या हो ताई. त्यांचं हल्ली लक्षच नसतं कशात. परवा एका पायात चप्पल नाही, तसेच घरापर्यंत आले. कुठे पडली ते माहीत नाही. आणि सकाळी शर्टाची बटणं मी लावून द्यायची म्हणे. लग्नाला इतकी वर्षं झाली, आता लाडात आलेत."

वहिनी हसली, मीही हसले. मला रसायनशास्त्राची पदवी आहे. सॉल्व्हंटच्या डब्यावर काय लिहिलेलं असतं ते मी रोज वाचते. आणि मी हसले.

त्यानंतरची गोष्ट. नवीन बॅचची पट्टी मी घाईघाईत टेबलावर लावली आणि दादाला बोलावलं. लेबलाच्या कागदाला गमावर एक गुळगुळीत कागद असतो, लेबल लावताना आपण जो सोलून फेकतो तो. त्याच्यावर काहीच चिकटत नाही, तो असतोच त्यासाठी. त्या दिवशी फोन वाजला, मी बोलत राहिले, आणि तो कागद सोलायचा राहून गेला. पट्टी चिमट्यांत तशीच, गुळगुळीत कागद वर.

दादाने हात पुसले. डोळे मिटले. अंगठा टेकवला, उचलला. पुन्हा टेकवला.

मी फोन ठेवून वळले तेव्हा त्याचा अंगठा त्या गुळगुळीत कागदावर होता. मला हसू आलं. वाटलं, आता डोळे उघडेल आणि म्हणेल, बावळट, कागद तरी काढ.

"आधीपेक्षा बरा आहे," दादा डोळे मिटूनच म्हणाला. "धरतो थोडा. पण लगेच सोडतो. अजून जरा बघ."

मला वाटलं चेष्टा करतोय. त्याने डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं, आणि मी काहीच बोलत नाही म्हणून भुवया उंचावल्या. तो चेष्टा करत नव्हता.

"दादा," मी म्हटलं, "खाली बघ."

त्याने खाली बघितलं. तो कागद त्याने लाखो वेळा बघितलेला. बघताक्षणी त्याला कळलं. त्याने हात टेबलाखाली घेतला, चोरी पकडल्यासारखा, आणि दुसऱ्या हाताने तो अंगठा चोळायला लागला.

मी दार लोटून घेतलं. "कधीपासून?"

"हाताचं नंतर झालं," तो म्हणाला. "पायाचं आधी. पावलं बधिर व्हायची. वाटलं, दिवसभर उभं राहून होत असेल."

"आणि अंगठा?"

"थंडीच्या आधी जरा जरा जाणवायचं. नंतर काहीच नाही. टेकलाय की नाही तेसुद्धा कळत नाही, बघितल्याशिवाय."

म्हणजे ती चांगली बॅच माझ्या हातात होती तेव्हाही त्याला काहीच कळलेलं नव्हतं. मी खुर्चीत बसले.

"मग तू सांगत कसा होतास? प्रत्येक वेळी नाही, थोडं सुधारलं, मागच्यापेक्षा बरं. कशावरून?"

दादा खजील होऊन हसला. "तुझ्या तोंडावरून. तू पट्टी लावून अशी उभी राहायचीस, जीव मुठीत धरून. मला वाटायचं, हिचीच खात्री नाही, म्हणजे नसेल झालं अजून. आणि मग नाहीच म्हणायचो. हो म्हटलं आणि माल परत आला तर तुझं नाव जाईल. सगळे म्हणतील, भावाने बहिणीचं पास केलं. नाही म्हटल्याने कुणाचं काय बिघडतं?"

नाही म्हटल्याने कुणाचं काय बिघडतं! मला टेबल उचलून त्याच्या डोक्यात घालावंसं वाटलं. मला त्याच्या गळ्यात पडून रडावंसंही वाटलं. दोन्ही केलं नाही. मी फक्त ओरडले, "तुझं बिघडलं ना, गाढवा! तुझं बिघडलं!"

"हळू बोल," तो म्हणाला. "बाहेर ऐकू जाईल."

"जाऊ दे. मी आत्ता जाते मालकांकडे. सगळं सांगते. तुमच्या मशीनने माझ्या भावाची काय दशा केली ते बघा म्हणते."

तो उठून दारासमोर उभा राहिला. माझा दादा कधी माझ्या वाटेत उभा राहिलेला मला आठवत नाही. "सांगितलंस तर मी उद्यापासून इथे पाऊल टाकणार नाही. मशीन काय, कुणीही चालवतो. पण माझ्याकडे हा एक अंगठा होता. ह्याच्यासाठी लोक मला खुर्चीवरून उठून हाक मारतात. आता ह्याच्यात काही नाही असं तू सांगणार? सगळ्यांना?"

मी भांडकुदळ बाई, मावशीपासून मालकांपर्यंत कुणाचं काही बाकी ठेवत नाही. पण त्या वेळी मी मागे सरकले आणि चिमट्यांतली पट्टी सोडवायला लागले.

तो गेल्यावर मी कपाट उघडलं. थंडीतली ती पट्टी काढली, त्यावरचा कागद सोलला, आणि माझा अंगठा टेकवला. इतके दिवस पडून राहिलेल्या गमाने तो धरला आणि उचलताना पट्टीही वर ओढली गेली. पॅकिंगमधल्या दोन बायकांना आत बोलावून लावून बघायला सांगितलं. एक म्हणाली, "हे कुठलं? मस्त धरतंय की." जे शोधायला मी सगळं रान उठवलं होतं ते माझ्याच कपाटात, माझ्याच हाताने ठेवलेलं होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा. तेवढा सगळा वळसा दादाने त्या वासात उभा राहून काढला होता.

दुसऱ्या दिवशी मी मालकांना सांगितलं की पाण्याच्या गमाच्या चाचण्यांसाठी मला अंगठाबहाद्दर पूर्ण वेळ लागतील, मशीनवर दुसऱ्याला उभं करा. मालक म्हणाले, "हे आधीच का नाही सांगितलंत?" आणि लगेच दुसरा माणूस उभा केला. नवीन लग्न झालेला, हसतमुख माणूस. मी त्याच्या समोरून जाताना रोज दुसरीकडे बघायची. कुणीतरी तिथे उभं राहिल्याशिवाय मशीन चालत नव्हतं, आणि ते आज बंद करणं माझ्या हातात नव्हतं.

डॉक्टरांकडे मी, दादा आणि वहिनी गेलो. डॉक्टरांनी दादाच्या पायाला, बोटांना सुई टोचून बघितली. "टोचतंय?" "नाही." "इथे?" "नाही." ते वर वर सरकत गेले, आणि नडगीच्या मध्यावर दादा म्हणाला, "हं, इथे कळतंय." वहिनी भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे बघत बसली होती. मग डॉक्टरांनी विचारलं की कामावर काय असतं. मी सांगितलं. ते मान हलवत राहिले, जशी मी कधीपासून हलवायला हवी होती.

"सॉल्व्हंटने नसा मेल्यात," ते म्हणाले. "आता त्याच्या जवळपास फिरकायचं नाही."

"सोडलंय त्याने," मी म्हटलं. "म्हणजे आता थांबेल ना?"

"लगेच नाही. हा प्रकार विचित्र असतो. बंद केल्यावरही काही महिने वाढतच जातं. मग थांबतं. मग हळूहळू परत यायला लागतं, पण सगळं येईलच असं सांगता येत नाही."

"मग औषध?"

"औषध असं नाही. जीवनसत्त्वं देतो. व्यायाम करा. पाय रोज बघत जा, कुठे लागलं तर कळणार नाही."

"आणि आम्ही करायचं काय?" वहिनी पहिल्यांदाच बोलली.

डॉक्टर चांगले होते. त्यांनी खोटं बोलायचा प्रयत्न केला नाही. "वाट बघायची," ते म्हणाले.

मला कुणी कामाला लाव म्हणून सांगितलं तर मी डोंगर फोडीन. वाट बघ म्हणून सांगितलं की मी संपले. मी गमाचा जोर मोजू शकते. किती राळ, किती पाणी, किती वेळ ढवळायचं, सगळं सांगू शकते. माझ्या भावाच्या हातातून काय निघून चाललंय आणि ते कुठे जाऊन थांबेल, हे मला कळत नव्हतं, आणि कळून उपयोगही नव्हता.

मी थंडीतली बॅच पुन्हा केली, तशीच्या तशी. एक ग्रॅम इकडचं तिकडे नाही. दादाने मालकांसमोर अंगठा टेकवला आणि "हो" म्हटलं, कारण आदल्या दिवशी मी त्याला म्हणायला सांगितलं होतं. गिऱ्हाइकाकडे नमुने गेले, तिथल्या बाटल्यांवर लागले, थंडगार खोलीत राहिले, पाण्यात बुडाले, आणि पास झाले. पुढचं सगळं भराभर झालं. जे आधी हलता हलत नव्हतं ते घरंगळत सुटलं. तेवढ्यात दादाच्या हातातून जेवताना चमचा पडायला लागला. वहिनी तो उचलून पुसून पुन्हा त्याच्या हातात द्यायची, आणि तो घ्यायचा. मी शेजारी बसून सगळं बघायची.

सॉल्व्हंटचं मशीन बंद झालं त्या दिवशी मालकांनी सगळ्यांना हॉलमध्ये जमवलं. खिडक्या उघड्या होत्या आणि वास बराचसा गेला होता. शेजारच्या नव्या मशीनवर पाण्याच्या गमाचा पहिला मोठा रोल निघाला होता. मशीनवरचा तो हसतमुख माणूस पुढेच उभा होता आणि सगळ्यांत जास्त खूश होता.

"हे सगळं कुणामुळे?" मालक म्हणाले. मला वाटलं माझं नाव घेतील. "आपल्या अंगठाबहाद्दरांमुळे! मॅडमनी घाई केली असती, यंत्राने पास केलं असतं, पण ह्यांनी पक्कं झाल्याशिवाय हो म्हटलं नाही. याला म्हणतात कामाची चाड. या, पुढे या."

टाळ्या वाजल्या. दादा पुढे गेला. हल्ली तो पाऊल टाकताना जमिनीकडे बघत चालायचा, पण लोकांना वाटलं लाजतोय. मालकांनी स्वतःच्या हाताने रोलमधून एक पट्टी कापली, कागद सोलला, आणि पट्टी गम वर करून तळहातावर धरली. "लावा अंगठा. आजचा निकाल सगळ्यांसमोर."

ही मालकांची हौस, कुणाला आधी ठाऊक नव्हती. दादाने हात पँटला पुसला. डोळे मात्र मिटले नाहीत. मिटले तर अंगठा कुठे गेला हे त्याला कळलं नसतं. त्याने बघून बघून, नीट नेम धरून, अंगठा पट्टीवर ठेवला आणि दाबला. मग मान वर करून त्याने इतक्या माणसांमधून मला शोधून काढलं. काय म्हणू, असं त्याचा सगळा चेहरा मला विचारत होता.

मी मान हलवली. हो.

"धरतो," दादा मोठ्याने म्हणाला. "एकदम फर्स्ट क्लास धरतो!"

पुन्हा टाळ्या. मालकांनी त्याच्या पाठीवर थाप मारली, कुणीतरी पेढ्यांचा बॉक्स उघडला, नव्या मशीनवर आता कोण, यावर बोलणं सुरू झालं. दादा त्या घोळक्यात उभा राहून हातवारे करत सांगत होता, पाण्याचा गम कसा सांभाळावा लागतो, फेस कसा येतो, माझ्या बहिणीने किती कष्ट घेतले. तो हात हलवायचा तसतशी त्याच्या अंगठ्याला चिकटलेली ती पट्टी हलत होती. मालकांच्या तळहातावरून ती अंगठ्याबरोबर उचलली गेली होती. एक-दोघांनी बघितलं आणि हसले. त्यांना वाटलं, मुद्दाम ठेवलीय, मिरवायला.

मी गर्दीतून त्याच्याजवळ गेले. त्याचा हात धरला आणि पट्टी सोलायला लागले. गम माझा होता, चांगला घट्ट बसला होता. ओढताना अंगठ्याची कातडी ताणली गेली आणि लाल झाली. दादा मालकांशी बोलत होता. बोलता बोलता त्याने एकदाही वळून बघितलं नाही.